सात जणांचा बंदोबस्त

सोमवार, ४ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

अक्षर हललेलं दिसलं तर घाबरू नका, हात नेहमीच हलतो. काळजीचं कारण वेगळं आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं नाही तरी तुम्ही "वा वा" म्हणता. मागच्या वेळी मी पडलो म्हणून सांगितलं, तर तुम्ही अभिनंदन केलंत. म्हणून पत्र.

माझं दुकान तुम्ही पाहिलंय. सरकारी कचेरीच्या भिंतीला लागून गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या करून देणारं माझं खोपटं. गेल्या काही दिवसांपासून कचेरीच्या दारात निदर्शनं चाललीत. पाणीपट्टी वाढवली ती मागे घ्या, अशी मागणी आहे. पक्ष अगदी लहान. एकूण माणसं सात. पुढारी म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर, त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात. ही मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, घोषणा देतात, डबा खातात, थोड्या डुलक्या काढतात आणि पाच वाजले की खुर्च्या मिटून घरी जातात. त्यांचा मला काडीचा त्रास नाही.

त्रास आहे तो बंदोबस्ताचा. सात माणसांसाठी दोन गाड्या भरून शिपाई आणलेत. गल्लीच्या तोंडाला लोखंडी कठडे लावलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची झडती चालते. आता तुम्हीच सांगा, माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक हातात काय घेऊन येणार? कुलूप. शिपाई म्हणतात, कुलूप ही फेकून मारण्याजोगी वस्तू आहे, आत नेता येणार नाही. परवा एक आजीबाई पेटीचं कुलूप घेऊन आल्या. त्यांना उन्हात उभं करून विचारलं, "हे कुणावर फेकणार होता?" आजीबाई म्हणाल्या, "ठरवलं नव्हतं. आता तुझ्यावर."

हसू येतं, पण दुकानात दिवसभर माशी नाही. असंच चाललं तर दुकान मिटावं लागेल. आमची मुलगी, म्हणजे तुमची सून, म्हणते की तसंही वय झालंय, मिटा आणि आमच्याकडे या. तुमचं घर मोठं आहे, मनही मोठं आहे, राग मानू नका, पण लेकीच्या सासरी मुक्काम ठोकणाऱ्या बापाने खोकायचं तरी कुठल्या तोंडाने? मला माझ्या खोलीत माझ्या खोकल्यासकट राहायचंय. त्यासाठी दुकान चालायला हवं.

तुमचा जन्म पोलिसात गेला. जमादार होतात, असे बंदोबस्त रोज लावलेत. तो उठवायचा कसा, तेवढं सांगा.

एक राहिलं. रोज संध्याकाळी कचेरीतला एक माणूस माहिती काढायला येतो. भर उन्हात गळ्याला मफलर. आज किती लोक जमले होते, हे तो मला विचारतो, कारण दाराला सगळ्यात जवळचं दुकान माझं. स्वतः पुढे जात नाही, लोक ओळखतील म्हणतो. शिपायांना विचारावं तर ते म्हणतात, मोजणं आमच्याकडे नाही, आमच्याकडे उभं राहणं आहे. तेव्हा आमची अडचण त्याच्या डोक्यात शिरावी म्हणून मी "शंभरेक असतील" असं सांगून टाकलं. जास्त बोललो का? तेव्हापासून झोप नाही.

नातीला पापा.

तुमचा
किल्लीवाला

शनिवार, ९ मार्च

किल्लीवाले,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण इथे वाचायला दुसरं काही नाही. मुलगा आणि सूनबाई सकाळीच कामाला जातात, चिमणी शाळेत जाते, मग घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाला मी किती वाजले विचारतो आणि ते दरवेळी वेगळंच सांगतं. असो.

तुम्ही जन्मजात भित्रे. शंभर सांगून तुमची झोप उडाली? अहो, शंभर म्हणजे सरकारला डास चावल्यासारखं. झटकतं आणि कूस बदलून झोपतं. माझ्या नोकरीतला अनुभव सांगतो, नीट ऐका. प्रकरण लहान असलं की ते कुजत पडतं. मोठं झालं की वरचे साहेब हलतात. साहेब हलले की बोलणी होतात, बोलणी झाली की बंदोबस्त उठतो. तेव्हा मफलरवाल्याला दोनशे सांगा. बाहेरगावचे चेहरेही दिसतात म्हणा. छातीवर हात ठेवून म्हणा, तुमचा हात हलतोच, त्यामुळे खरं वाटेल.

आणि लेकीच्या सासरी कसं राहायचं वगैरे जुन्या गोष्टी सोडा. मागची खोली रिकामीच आहे. तिथे खोका नाहीतर गा, मला ऐकू येत नाही हे तुम्हीच लिहिलंय.

दुकान चालावं ही माझीही इच्छा. नाही चाललं तर मात्र संकोच नको.

निवृत्त जमादार

गुरुवार, १४ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. दोनशे म्हणालो, बाहेरगावचे चेहरे म्हणालो, छातीवर हातही ठेवला. मफलरवाल्याने पाठ थोपटली, "काका, तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापाशी पोचलो तर दुकान दिसेना. समोर एक अजस्र गाडी उभी. गर्दी पांगवायला पाण्याचा फवारा मारते ती. तिची टाकी गळते. सगळी गल्ली ओली, माझी कोऱ्या किल्ल्यांची पेटी ओली. समोर सात जण बसलेत पाणी महाग झालं म्हणून, आणि सरकार त्यांच्या पायाशी दिवसभर फुकट पाणी सोडतंय. भोंग्याने या गाडीवर घोषणाही बांधली. ऐकायला बरी आहे, पण ती तुम्हाला लिहिली तर माझंच नाव कुठेतरी लागेल.

शिपाई दुप्पट झालेत. त्यांच्यासाठी मांडव घातला, पंखे आणले, पंख्यांसाठी जनित्र आणलं. त्या जनित्राच्या आवाजात भोंग्याचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्याने मोठा कर्णा आणला. तो ऐकून साहेबांना वाटलं चळवळ वाढली. कठड्यापाशी एक शिपाई असतो, मोठ्या मिशीचा, बरा पोरगा आहे. त्याला मी विचारलं, "बाबा रे, एवढ्या सगळ्याचं कोण भरतं?"

"काका, तुम्हीच."

"मी?"

"म्हणजे तुम्ही, मी, हे भोंगाशेठ, सगळेच. मी तर स्वतःच्या पगाराला स्वतःच कर भरतो, आणि दिवसभर उन्हात उभा राहून तो खर्च करतो."

भोंगा म्हणतो की वाढीव पाणीपट्टीतून वर्षभरात जे येणार होतं ते या बंदोबस्ताने आत्ताच खाल्लं. भोंग्याचं गणित कसं आहे माहीत नाही, पण सुट्या पैशात तो कधी चुकायचा नाही म्हणतात.

पुढचं ऐका. कचेरीने फलक लावलाय. बंदोबस्ताचा खर्च भागवायला गल्लीतल्या दुकानांवर अधिभार बसणार. कारण काय, तर संरक्षण आम्हाला मिळतंय. व्याहीबुवा, माझ्या दुकानात संरक्षण करावं असं काय आहे? किल्ल्यांना कुलपं नाहीत आणि कुलपं कठड्यावर जप्त आहेत. हा अधिभार आला की दुकान गेलंच म्हणा.

एवढं कमी म्हणून भोंगा पेपर घेऊन आला. त्यात छापलंय, "दोनशे निदर्शकांचा ठिय्या." त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "काका, पक्ष काढल्यापासून आम्ही एकदाही दोन आकडी झालो नव्हतो. हे कुणाचं काम, आम्हाला कळलंय." आणि मला एक घडीची खुर्ची भेट दिली. मी ती लपवून ठेवलीय. कुणी पाहिली तर आठवा मीच ठरेन.

आता काय करू? लवकर लिहा. जेवण जात नाही.

तुमचा
किल्लीवाला

मंगळवार, १९ मार्च

किल्लीवाले,

जेवत जा. उपाशी माणसाचा सरकार विचार करत नाही, उलट उपोषण समजून आणखी शिपाई पाठवतं.

तुमचं पत्र चिमणीला वाचून दाखवलं. पाण्याच्या गाडीशी ती फार हसली. ती म्हणते, आजोबांना इथेच आणा, त्यांच्याबरोबर गाडीही येईल.

आता दुसरा उपाय. हा पक्का आहे. मफलरवाल्याला उद्या एकदम खरं सांगा. सात. फक्त सात. खऱ्याला मरण नाही. दोनशेचे सात झाले म्हटल्यावर साहेब म्हणतील, संपलं आंदोलन, उचला कठडे. पाहाच तुम्ही.

इकडचं म्हणाल तर मागच्या खोलीला चुना लावून घेतलाय. सहज, पावसाआधी लावतातच. खाटही नवी विणून घेतली. तुम्ही डोकं कोणत्या बाजूला करून झोपता? खिडकीकडे केलंत तर सकाळी ऊन तोंडावर येतं, भिंतीकडे केलंत तर माझ्याशी बोलताना मान वळवावी लागेल. आपलं विचारून ठेवतो. आणि पत्ते येतात ना? शिकलेले नसाल तर मी शिकवीन, दुपार मोठी असते. घाई नाही. महिनाअखेर आलात तरी चालेल. म्हणजे, दुकान नाही चाललं तर.

निवृत्त जमादार

शनिवार, २३ मार्च

व्याहीबुवा,

नमस्कार लिहायचा की नाही, हा विचार करत पाऊण तास बसलो. शेवटी लिहिला नाही.

सात म्हणून सांगितलं. मफलरवाल्याचा चेहरा पांढरा झाला. "सात? मग बाकीचे कुठे गेले?" मी म्हणालो, नव्हतेच. तो म्हणाला, "काका, तुम्हाला कुणी धमकी दिलीय का? मानेने सांगा, बोलू नका." माझी मान हलते हे तुम्हाला माहीत आहे. ती हलली. त्याने फोन लावला, आणि घटकाभरात गल्लीची दोन्ही तोंडं बंद. एकशे त्र्याण्णव माणसं भूमिगत झालीत, असं कचेरीचं म्हणणं आहे. दोघे शिपाई गटाराची झाकणं उघडून आत वाकून बघतायत. माझ्या दुकानात जायला मलाच पास काढायला सांगितलंय, आणि पासावर फोटो हवा, आणि फोटोवाल्याचं दुकान गल्लीतच आहे.

मी मिशीवाल्यापाशी रडलो. तुमचा सल्ला सांगितला, पहिला आणि दुसराही. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "काका, जमादार झालेला माणूस असा सल्ला देणार नाही. जवळचा दुकानदार जेवढी माणसं सांगतो, तेवढ्यावरून दुसऱ्या दिवसाचा बंदोबस्त ठरतो. वाढवून सांगितलं की वाढतो, आणि एकदम कमी सांगितलं की अजून वाढतो. हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. ज्याने हे सांगितलं त्याला तुमचं दुकान बंद पडायला हवंय. त्याचा काय फायदा?"

मी म्हणालो, काही नाही, तो माझा व्याही आहे. आणि बोलता बोलता मला तुमची नवी खाट आठवली.

मी चौथीपर्यंत शिकलोय, पण एवढं मला कळतं. माणसाला माणूस हवा असेल तर त्याने सरळ म्हणावं, बाबा, दोन दिवस ये, करमत नाही. मी आलो असतो. आठ दिवसही राहिलो असतो. पण तुम्ही माझा धंदा बुडवून मला गोळा करायला निघालात, जसा रस्त्यात गाडी बंद पाडून कुणी प्रवासी गोळा करतो. विहीणबाई असत्या तर त्यांनी तुम्हाला जेवायला वाढलं नसतं.

मफलरवाला आज पुन्हा आला. यावेळी दोघांना घेऊन. बाकीचे कुठे आहेत, यांच्यामागे कोण आहे, शेवटचं विचारतोय, म्हणाला. माझ्या हातात तुमचं पत्र होतं आणि मी रागावलेला होतो आणि घाबरलेलाही होतो. मी काय सांगितलं ते लिहीत नाही. या दोन गोष्टी एकदम झाल्या की माणूस काय बोलेल याला धरबंध नसतो.

डोकं भिंतीकडे करून झोपतो. आता ते विचारण्याचा उपयोग नाही.

किल्लीवाला

गुरुवार, २८ मार्च

किल्लीवाले,

तुम्ही काय सांगितलंत ते लिहायची गरज उरली नाही. सोमवारी सकाळी दार उघडलं तर अंगणात फौजदार. मागे एक गाडी. फाटकाला लोखंडी कठडा. मी ओळखला, अशाच कठड्यात माझं बोट चेंगरलं होतं.

फौजदार म्हणाला, "तुमच्या घरून आंदोलनाची सूत्रं हलतात अशी माहिती आहे. बाहेरगावची माणसं कुठे ठेवलीत?" मी म्हणालो, इथे मला एक माणूस आणता येईना. त्याने घर पाहिलं. मागच्या खोलीतला ताजा चुना पाहिला, नवी खाट पाहिली आणि शिपायाकडे बघून नुसती मान हलवली. "कुणाची वाट बघताय?" म्हणाला. खरं सांगितलं, व्याह्यांची. त्याने "व्याही" हे टोपणनाव म्हणून लिहून घेतलं.

दोन दिवस मी तुम्हाला अशा शिव्या दिल्या की सूनबाईंनी चिमणीला शेजारी पाठवलं. ज्या खात्यात आयुष्य घालवलं त्याने म्हातारपणी माझ्याच दारात पहारा बसवावा, आणि तोही एका किल्लीवाल्याच्या सांगण्यावरून. तिसऱ्या दिवशी पाहिलं, फाटकावरचा पोरगा एका पायावर भार टाकून उभा होता. मला राहवलं नाही. बाहेर जाऊन म्हणालो, "अरे, असा उभा राहिलास तर दुपारपर्यंत कंबर जाईल. टाचा अशा ठेव." त्याने ठेवल्या. "तुम्हाला कसं माहीत?" म्हणाला. सांगितलं. त्याने सलाम ठोकला, किल्लीवाले. बाकीचेही बघायला आले. "जमादारसाहेब, तुमच्या वेळी लाठी कशी धरायचे?" हे असं कुणी विचारल्याला किती काळ लोटला असेल.

आता सकाळी चहा करतो तो मोठ्या पातेल्यात. हे लोक मोठ्याने बोलतात, सगळं ऐकू येतं. 

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. सरळ म्हणायला हवं होतं. जन्मभर लोकांना "चला, निघा इथून" म्हणत आलो. "या" म्हणायची जिभेला सवय नाही.

दुकानाचं काय झालं?

निवृत्त जमादार

मंगळवार, २ एप्रिल

व्याहीबुवा, नमस्कार.

यावेळी पहिल्यांदा नमस्कारच लिहिला.

दुकान उघडलं. तुमच्या पत्राच्या आदल्याच दिवशी पाण्याची गाडी निघाली, कठडे निघाले. माणसं कमी आहेत, दोन ठिकाणी पुरत नाहीत, आणि मूळ तुमच्याकडे सापडल्यावर इथे फांद्या कशाला राखायच्या, असं मफलरवाला म्हणाला. जप्त केलेली कुलपं एका पोत्यात भरून माझ्याच दारात टाकून गेले. कुठलं कुणाचं ते कळेना, म्हणून सगळ्यांना नव्या किल्ल्या कराव्या लागतायत. चार दिवस मान वर करायला सवड नाही. पेटीवाल्या आजीबाईही येऊन गेल्या. अधिभाराचा फलक निघाला. तो तुमच्या गल्लीत लागणार असं ऐकतो, लागला का?

भोंगा मात्र रुसलाय. दारात आता एकच शिपाई, तोही पेपर वाचतो. पेपरात बातमी नाही. भोंगा म्हणाला, "काका, तुम्ही आम्हाला दोनशेचे परत सात केलंत. असा कुणी शत्रूही वागत नाही." सातही जण आता खुर्च्या घेऊन तुमच्या गावाला यायचा विचार करतायत. जिथे पोलीस तिथे पक्ष, असं त्यांचं ठरतंय. आले तर पाणी तरी द्या, त्यावरूनच सगळं सुरू झालंय.

आता खरी गोष्ट. मला चैन नाही. दुकान चालतंय आणि घास गोड लागत नाही. तुमच्या फाटकावरच्या त्या पोरांचा पगार, भत्ता, गाडीचं तेल, हे सगळं लोकांच्या खिशातून जातंय, आणि कशासाठी, तर मी रागाच्या भरात एक पत्ता बोलून गेलो म्हणून. मी आयुष्यात कुणाच्या कुलपाची दुसरी किल्ली करून स्वतःकडे ठेवली नाही, आणि आता सरकारला असं लुटतोय. मफलरवाला अजून संध्याकाळी चक्कर मारतो. त्याला एक वाक्य सांगायचं, माझी चूक झाली, तिथे एक बहिरा म्हातारा राहतो आणि त्याची नात. मिशीवाला म्हणतो, एवढं म्हटलं तर त्याच दिवशी तिथला बंदोबस्त उठेल.

सांगू का? तुम्ही म्हणाल तसं करतो. पण यावेळी खरा सल्ला द्या.

तुमचा
किल्लीवाला

शनिवार, ६ एप्रिल

किल्लीवाले,

खरा सल्ला देतो, पोलिसात शिकलेला नाही, स्वतःचा.

फलक लागला. गल्लीतले शेजारी माझ्याकडे बघून दात खातात, आणि त्यांचं बरोबर आहे. मीही माझ्या वाट्याचा अधिभार काल रांगेत उभा राहून भरून आलो. जनतेचा पैसा असा उधळणं हे पाप आहे, यात मला शंका नाही. नोकरीत असताना मी स्वतः यावर पोटतिडकीने बोलत असे. तेव्हा तुम्ही मफलरवाल्याला खरं सांगायलाच हवं. 

फक्त एवढ्यात नको.

तुम्ही पाहुणे म्हणून चार दिवस या. फाटकावर झडती घेतील, राग मानू नका, नाव व्याही सांगा, ते लिहिलेलंच आहे. मागच्या खोलीत दुपारी शिपाई आळीपाळीने पाठ टेकतात, तेवढी जागा वाटून घ्यावी लागेल. खाट भिंतीकडे फिरवून ठेवलीय.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. गाडी परत गेली, आता इथे तीनच शिपाई उरलेत. तीन ते आणि चौथा मी, असा दुपारी डाव बसतो. एक जरी कमी झाला तरी डाव मोडतो. त्यामुळे मफलरवाल्याने विचारलंच, तर आमच्याकडची परिस्थिती निवळत आहे असं बेलाशक सांगा, पण तीन माणसांपुरती भीती शिल्लक राहू द्या.

जमादार